ब्रेक न लावता घेतलेलं वळण

प्रिय मुक्ता आणि निखिल,

मुक्ता, परवा फोनवर तू विचारलंस, गिअर खाली घेताना तुझी गाडी धक्का का देते. मागून तुझी आई म्हणाली, "गिअरची गाडी शिकायचीच कशाला?" आणि खोलीतून निघून गेली. त्याचं कारण ती तुम्हाला सांगणार नाही. तुम्ही आता मोठे झालात, म्हणून मी सांगते.

आम्ही नाशिक सोडलं तेव्हा माझ्या सासूबाई स्टेशनवर म्हणाल्या होत्या, "परका मुलूख आहे, कुणाशी भांडू नका." राजधानीत, सरोजिनी नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये ते सोपं गेलं, तिथे भांडणंसुद्धा अर्ज करून होत. मग नव्या कंपन्या आल्या, आजोबांनी सरकारी नोकरी सोडली आणि आम्ही गुडगावला राहायला गेलो. तिथे रस्ते आधी झाले होते, घरं व्हायची होती. सुट्टीच्या दिवशी त्या ओसाड सेक्टरांमध्ये आजोबा मला गाडी शिकवत.

चौथ्यातून तिसऱ्यात येताना गाडी दरवेळी गचका खायची. "प्राध्यापकबाई, गिअर आहे तो, नापास विद्यार्थी नव्हे," ते म्हणायचे; मी तेव्हा कॉलेजात शिकवत होते. मग समजावायचे. त्याच वेगाला खालच्या गिअरमध्ये इंजिनला जास्त फिरावं लागतं. ते तसं फिरत नसेल तर चाकं त्याला ओढून फिरवतात, तोच धक्का. म्हणून क्लच दाबलेला असतानाच थोडी रेस द्यायची, खालचा गिअर टाकायचा आणि मग क्लच सोडायचा. नंतर इंजिनच गाडीला आवरतं. मुक्ता, तुझ्या प्रश्नाचं उत्तर एवढंच आहे.

हिवाळ्यातली एक संध्याकाळ. मेहरौलीहून घरी येत होतो. गाडी आजोबा चालवत होते, तुमची आई मागे झोपली होती. ती तेव्हा दुसरीत होती. एका जीपला आमची गाडी जराशी घासली. आजोबांनी गाडी बाजूला घेतली आणि इंजिन चालू ठेवून माफी मागायला खाली उतरले. नाशिकला असंच करतात. चूक झाली की थांबायचं, बोलायचं, चहा प्यायचा.

जीपमधून दोघं उतरले. आजोबा म्हणाले, "भाईसाहब, गलती मेरी है." पहिल्याने तोंडावर ठोसा मारला. त्याच्या मुठीत किल्ली होती, ती डोळ्यात गेली. मग केस धरून त्याने आजोबांचं डोकं बॉनेटवर आपटलं, पुन्हा आपटलं. काचेतून मला त्यांचा चेहरा दिसत होता आणि तो चेहरा राहिला नव्हता. दुसरा जीपकडे वळला. "सरिया निकाल रहा हूँ, पकड़ के रख," तो म्हणाला. सरिया म्हणजे लोखंडी सळई. तुमची आई जागी झाली होती आणि एकसारखी किंचाळत होती.

पायाशी स्टीलचा थर्मास होता. मी उतरले आणि तो त्या माणसाच्या कानावर घातला. हाड वाजलं. तो आवाज मला आवडला, हे मी तुमच्यापासून लपवत नाही. त्याची पकड सुटली. मी आजोबांना मागच्या सीटवर लोटलं, स्टिअरिंगवर बसले आणि गाडी सोडली, तेवढ्यात सळई मागच्या काचेवर बसली. काचांचा पाऊस तुमच्या आईच्या केसांत पडला.

थोड्याच वेळात आरशात जीप दिसली. अंधारत होतं, मी दिवे लावले नव्हते. आमच्या सेक्टरचं डावं वळण जवळ आलं. ब्रेक दाबला तर मागचे लाल दिवे पेटणार आणि आम्ही कुठे वळतोय ते त्यांना कळणार. न आवरता वळले तर बांधकामाच्या वाळूवर गाडी उलटणार. गिअर गचक्याने टाकला तरी त्या वाळूवर चाकं घसरणार. पुढून एक ट्रक धूळ उडवत गेला, जीप क्षणभर धुळीत गेली.

मागून आजोबा बोलले. त्यांना दिसत नव्हतं, ते इंजिन ऐकत होते. "क्लच. रेस दे. अजून. आता टाक." तिसरा. "घाई नको. पुन्हा." दुसरा. गाडी चुपचाप मंदावली आणि मी वळवली. एका अर्धवट भिंतीमागे उभी केली. जीप सरळ निघून गेली.

"धक्का नाही बसला," आजोबा म्हणाले आणि त्यांची शुद्ध हरपली.

हॉस्पिटलात आलेल्या हवालदाराला सगळं सांगितलं. त्याने एकच विचारलं, "मैडम, रुके ही क्यों?" टाके घातलेल्या ओठांनी आजोबा पुटपुटले, "गलती थी, इसलिए."

डावा डोळा गेला. पट्टी सुटल्यावर ते म्हणाले, "नाशिकला परत जाऊ या." मी नाही म्हटलं. त्या दोघांनी मारलं म्हणून घर सोडायचं नव्हतं मला. त्यावरून आम्ही कित्येक महिने भांडलो, सासूबाईंचा शब्द मोडून, अगदी घरातच. शेवटी राहिलो. पुढे मीच गाडी चालवली, ते शेजारी बसत. तुमची आई मात्र जी देशाबाहेर गेली ती इथे फक्त पाहुणी म्हणून येते. तिला नावं ठेवू नका.

नाशिकची जागा कधीच विकली गेली. घर म्हटलं की आता मला हा फ्लॅटच डोळ्यांपुढे येतो, जिथून आम्हाला हाकलता आलं नाही. आजोबांचा उजवा डोळा शेवटपर्यंत चांगला होता. तुम्हा दोघांना त्यांनी त्याच डोळ्याने पाहिलं.

तुमची,
आजी