यादीतला सातवा

वरदा देवस्थळीच्या घरात कागद हरवत नाही. इंग्लंडमधल्या ब्रॅकनेलच्या एका कंपनीत ती सॉफ्टवेअरमधल्या चुका शोधते आणि घरी आल्यावरही ती खोड सुटत नाही. मुलीच्या लशींपासून कौन्सिल टॅक्सपर्यंत सगळं रंगीत फोल्डरमध्ये. तिचा नवरा रघुवीर अगदी उलटा. तेलविहिरींचा इंजिनियर, समुद्राखालचं तेल सापडतं, कपाटातले मोजे सापडत नाहीत.

आठ वर्षांपूर्वी दोघांनी ब्रिटिश नागरिकत्वाचे फॉर्म भरले, तेव्हा ऐन वेळी वरदाने त्याचा मागे ठेवला. घरात एकाचा तरी भारताचा पासपोर्ट असू दे, पुढेमागे परत जायचं ठरलं तर बरं पडेल, असं तिचं म्हणणं. इथल्या कितीतरी मराठी घरांत असंच करतात आणि दिवाळीच्या जेवणात तो शहाणपणा एकमेकांना सांगतातही. रघुवीर ‘बरं’ म्हणाला. तो बहुतेक गोष्टींना ‘बरं’च म्हणतो.

गेल्या हिवाळ्यात तो कामाला होता त्या देशाने एका सकाळी आपलं तेल सरकारजमा केलं. त्याच्या ब्रिटिश कंपनीने कोर्टाची भाषा केली, तसे तिथल्या सरकारने रघुवीरसकट कंपनीच्या सात इंजिनियरांचे पासपोर्ट काढून घेतले आणि त्यांना गेस्टहाऊसमध्ये बसवून ठेवलं. मग लंडनच्या एका हॉटेलात मध्यस्थी सुरू झाली. दोन्ही बाजू एका खोलीत बसायला तयार नव्हत्या, म्हणून तिसऱ्याच देशाचा एक म्हातारा मुत्सद्दी चौथ्या मजल्यावरचे कागद सहाव्यावर नेई आणि सहाव्यावरचे चौथ्यावर आणी. नऊ आठवडे वरदाचा जीव त्या लिफ्टमध्ये अडकला होता.

गुरुवारी रघुवीरच्या कंपनीतल्या एका बाईंचा फोन आला. पूर्ण करार अजून लांब होता, पण सद्भावना म्हणून ब्रिटिश नागरिकांना मंगळवारी सोडायचं ठरलं होतं. सहाजण. सातव्याचं काय, असं वरदाने विचारलं. बाई फार सभ्यपणे म्हणाल्या की भारत या वादात नाही, त्यामुळे तो विषय वेगळा मांडावा लागेल. कोणी आणि कुठे, ते त्यांनाही सांगता येईना. वरदाने खासदाराला लिहिलं, भारताच्या हायकमिशनला लिहिलं. उत्तरं लगेच आली, आपुलकीची होती. पण त्यांच्यापैकी कोणीच त्या हॉटेलात बसलेलं नव्हतं.

“मम्मी, बाबाचा नाव लिस्टमध्ये आहे?” मायराने शाळेतून आल्या आल्या विचारलं. वरदाने तिला जेवायला वाढलं.

रविवारी रघुवीरचा ठरलेला दहा मिनिटांचा फोन आला. कितीतरी दिवसांनी आवाजात जान होती. सातही जणांनी बॅगा भरल्या होत्या.

“सहाजणांना सोडताहेत म्हणे,” तो म्हणाला. “एक बिचारा मागे राहणार. कोण असेल गं?”

वरदाच्या मांडीवर हिरवा फोल्डर उघडा होता. त्यात त्याचा फॉर्म होता, सहीसकट, तिने आठ वर्षं जपलेला.

“रघू, ते सहाही ब्रिटिश आहेत.”

त्याने ओरडावं, फॉर्म तूच ठेवलास असं एकदा तरी तोडून बोलावं, असं तिला फार वाटलं. म्हणजे रडता तरी आलं असतं.

“बरं,” तो म्हणाला. मग मायरा जेवली का विचारलं, आणि बॅग रिकामी करतो म्हणाला.