शरणम्माची दाढ, नांदेडचा कागद

शरणम्माची डावी दाढ मी उजवीकडं नेली. म्हणजे एक्स-रेची फिल्म पुठ्ठ्यावर उलटी चिकटवली आणि एसटीच्या कंडक्टरजवळ नांदेडला धाडून दिली. साल दुष्काळाचं. लातूर नवा जिल्हा झाला होता; कलेक्टर, कोर्ट सगळं तिकडं, पण आमच्या चाकूरच्या दाढांचा जिल्हा नांदेडच होता.

तिथले तज्ज्ञ डॉक्टर फिल्म बघून काय करायचं ते लिहून पाठवायचे. तोंड त्यांनी कधी बघितलं नाही, कागदावर सहीही नसायची. आमचे चन्नबसप्पा डॉक्टर मात्र तो बिनसहीचा कागद पोथीसारखा वाचायचे. मी त्यांचा कंपाउंडर, मॅट्रिक पास. मला शंका येण्याचा प्रश्नच नव्हता.

कागद आला: उजवी खालची शेवटची दाढ काढा. डॉक्टरांनी उजवीकडं सुई टोचली, ओठ बधिर झाला, चिमटा उचलला आणि थांबले. दाढ खणखणीत होती.

"शरणम्मा, दुखती कुठली?"

"डावी की! सकाळधरनं सांगून राहिले, ऐकतंय कोण?"

त्यांनी फिल्म उजेडात धरली, मग माझ्याकडं बघितलं. मला वाटलं, 'उद्या या' म्हणून वाटेला लावतील. बाईला कळलंही नसतं. पण ते स्टूल ओढून तिच्यासमोर बसले. "इलाज नांदेडच्या डॉक्टरांनी ठरवला. त्यांनी तुमचं तोंड बघितलेलं नाही. ह्या शहाण्यानं फिल्म उलटी लावली, आणि मी न बघता सुई दिली."

शरणम्मा अर्ध्या ओठानं कडाडली, "म्हंजे माझ्या तोंडात हात कुणाचा हाय? तुमचा का नांदेडचा?"

"माझा. म्हणून चूकबी माझी. कोर्टात गेलात तर नाव माझंच सांगा."

"कोर्ट गेलं लातूरला, दाढ ठणकून राहिली हितं! आधी ही बघा. सोताच्या डोळ्यानं."

त्यांनी बघितली. मग विचारलं, "ही वाचत नाही. काढू का?" तीन वर्षांत हा प्रश्न मी पहिल्यांदा ऐकला.

"उद्या. आज अर्धं तोंड तरी ऱ्हाऊ द्या जेवायला."

डॉक्टरांनी नांदेडला लिहिलं, यापुढं सही लागेल. उत्तर आलं, आपसातला सल्ला, सही कशाला? तेव्हापासून प्रत्येक कागदाखाली ते स्वतः लिहीत: तोंड बघितलं, रोग्याला सगळं सांगून विचारलं. खाली सही, चन्नबसप्पा.

त्या दिवशी जाताना शरणम्मा माझ्यापाशी थांबली. "उद्याबी यायचं म्हंजे टँकरची पाळी बुडाली. एक घागर तुझ्याकडं लागली बघ."

"हाव, मावशी," मी म्हणालो.

दाढ दुसऱ्या दिवशी निघाली. घागर मी अजून पोचवलेली नाही.