वाजणारी गादी

आमच्या घरात गादी हा शब्द आधी कागदावर आला, अंथरुणात खूप उशिरा आला.

मी अक्षरं शिकले ती आबांच्या पत्रकांवरून. आबा म्हणजे माझे वडील. धुळ्यात देवपूरला आमचं घर आहे आणि त्या घरात भिंतीला टेकून कायम पत्रकांचे गठ्ठे असत. शाळेच्या पुस्तकाआधी माझ्या हातात पिवळा, गुलाबी, हिरवा असा पातळ कागद आला, ज्याच्या एका बाजूची शाई दुसऱ्या बाजूला दिसायची. त्या कागदांत गादी वारंवार यायची, पण ती कधीच झोपायची नसायची. सावकाराची गादी, मठाची गादी, सत्तेची गादी. तिच्यावर कोणीतरी बसलेलं असायचं आणि ‘गादीवरच्याला खाली खेचा’ ही ओळ तर ठरलेलीच.

झोपायला आम्हाला चटई आणि गोधडी. आबांचं म्हणणं, कापूस वेचणारी बाई जमिनीवर झोपते, मग आपण त्याच कापसावर का लोळायचं? मायला हे पटायचं की नाही, मला माहीत नाही. ती भडगावकडची, घरात अहिराणीच बोलते. गोधडी शिवताना ती गुपचूप एक थर जास्त घालायची.

गेल्या एप्रिलमध्ये जयंतीच्या तयारीत गल्लीत पताका बांधताना आबा शिडीवरून पडले. कमरेचा मणका मोडला. ऑपरेशन झालं, पायांत थोडी जाणीव राहिली, पण घरी आले ते आडवेच. पंधरवड्यात माकडहाडावर जखम झाली. एकाच जागी दाब पडून होते ती. डॉक्टरांनी मला बाहेर बोलावून सांगितलं, “जखम भरली तर बसवू. बसले तर उभं करायचा प्रयत्न करू. जखम हाडापर्यंत गेली तर हे सगळं विसरा. साधी कापसाची गादी नको, चांगल्या फोमची आणा. कूस बदलत राहा.”

म्हणजे त्यांचं उठणं त्या जखमेवर अडलं होतं, आणि जखम गादीवर.

मी जळगावला एका कॉलेजात तासिका तत्त्वावर शिकवते. गादी मी तिथल्याच एका मोठ्या दुकानात पाहिली. विक्रेता मला म्हणाला, “ताई, हात दाबा.” मी दाबला. हात काढला तरी पाच बोटं तशीच राहिली आणि मग हळूहळू भरून आली. “ही मेमरी फोम. अंगाची ऊब लागली की मऊ पडते, अंगाचा आकार घेते, वजन एका जागी येऊ देत नाही. आणि ही टेम्परेचर कंट्रोलवाली. वरच्या थरात जेल आहे. अंग गार ठेवते.”

“बाहेर पंचेचाळीस असताना?”

“ताई, एवढे प्रश्न लोक एसीच्या दुकानात विचारतात,” तो हसून म्हणाला.

मी हसले नाही, पण गादी घेतली. गुडघ्यांच्या मध्ये ठेवायला त्याच फोमची एक उशी घेतली आणि पुढेमागे बसायला लागले तर म्हणून एक चौकोनी कुशनही घेतलं. ते कुशन माय कपाटात ठेवून कुलूप लावणार, हे मला ठाऊक होतं. तसंच झालं.

गादी खोक्यात गुंडाळून, दाबून आली होती. एरंडोल, पारोळा करत मी एसटीने पोचले तोवर ती टेम्पोने आधीच पोचलेली. खोकं उघडून वरचं आवळलेलं वेष्टण कापल्यावर ती भाकरीसारखी फुगत गेली. माय बघत उभी होती. मी तिला समजावलं की ही गादी माणसाचा आकार लक्षात ठेवते.

“याद ठेवस?” माय म्हणाली. “मंग तुना बापपेक्षा हुशार शे.”

त्या दिवशी मला कॉलेजसाठी परतायचं होतं. गादी पलंगावर चढवणं, चादर घालणं माय आणि शेजारच्या दोघांनी केलं.

पुढच्या शनिवारी गेले तेव्हा छापखानेवाले भाऊ भेटायला आलेले होते. आबांची सगळी पत्रकं यांच्याच छापखान्यात छापलेली. ते दारातूनच म्हणाले, “काय आबा! आयुष्यभर गादी पाडा, गादी पाडा, आणि शेवटी स्वतःच गादीवर?”

“बसलो नाही रे,” आबा म्हणाले. “मला पाडलेलं आहे.”

भाऊ पलंगाच्या कडेला टेकले तशी गादी चर्रकन वाजली. त्यांनी उठून पुन्हा बसून पाहिलं, पुन्हा वाजली. “आवाज उठवणारी आहे, म्हणजे आपल्यातलीच.”

आबा हसले, मग माझ्याकडे बघून म्हणाले, “ही वाजते. गादी वाजायला नको.” त्या वेळी कोणीच लक्ष दिलं नाही. आमच्या गल्लीत सगळंच वाजतं. सोफा वाजतो, मोटारसायकलची सीट वाजते, लग्नात आलेल्या खुर्च्या वाजतात. त्या आवाजाची आम्हाला इतकी सवय आहे की तो ऐकूच येत नाही.

मे महिना लागला. आमचं घर स्लॅबचं, वर दुसरा मजला नाही. दुपारी भिंतीला पाठ लावता येत नाही. कूलर होता, पण लाइट जायची आणि कूलर बंद पडला की खोलीत ओल्या गवताचा वास तेवढा राहायचा. जखम भरत नव्हती. उलट कडा पांढऱ्या, भिजल्यासारख्या दिसायला लागल्या. एक दिवसाआड ड्रेसिंग करायला येणारी सिस्टर बोट दाबून बघायची. “कातडी ओली राहतेय. घाम आहे की आणखी काही?”

“घामच शे,” माय म्हणायची. आबा छताकडे बघत असायचे.

कॉलेजला सुट्टी लागल्यावर मी देवपूरलाच येऊन राहिले. एका दुपारी आबांना कुशीवर करताना त्यांच्या पाठीखाली हात घातला आणि चटका बसला. जी गादी अंग गार ठेवणार होती ती तव्यासारखी तापलेली. माझं डोकं फिरलं. दुसऱ्या कोणी दुकानात जाऊन भांडण केलं असतं. मी आमच्या घरची रीत केली. कागद घेतला आणि पत्रक लिहायला बसले. ‘थंडाव्याच्या नावाखाली आजारी माणसाची लूट!’ खाली चार जळजळीत परिच्छेद. ज्या गावात मे महिन्यात माठातलं पाणी कोमट होतं त्या गावात ही ‘तापमान सांभाळणारी’ गादी कोण कोणत्या तोंडाने विकतं, वगैरे.

चहाच्या वेळी मी ते आबांना वाचून दाखवलं. आबा कुशीवर, गुडघ्यांत ती फोमची उशी. डोळे मिटून त्यांनी पूर्ण ऐकलं.

“भाषा चांगली आहे,” ते म्हणाले. “खाली नाव कोणाचं?”

“अजून टाकलं नाही.”

“नाव टाकायचं म्हटलं की मग माणूस तपासून लिहितो. काय तपासलंस?”

“हात लावून बघितला. तापलेली आहे.”

“कशाला हात लावलास? चादरीला. गादीला लावलास का? कंपनीने जे सांगितलं ते उघड्या गादीबद्दल. ती उद्या म्हणेल, आमची गादी वाजत नाही. तुमची का वाजते?”

मी उठले आणि चादरीचा कोपरा वर केला. खाली मायची जुनी सुती साडी, घडी घालून पसरलेली. साडीखाली प्लास्टिक. ज्या आतल्या पिशवीत गादी आली तेच जाड, चकचकीत प्लास्टिक, चारही कोपऱ्यांना चिकटपट्टी तशीच. पलंगाच्या खालून ते सुतळीने आवळूनही टाकलेलं. महिनाभर आबा त्यावर शिजत होते. जेल असो नाहीतर बर्फ असो, त्या प्लास्टिकमधून काय वर येणार होतं आणि घाम कुठे जाणार होता?

माय दारात उभी होती. मी तिच्यावर घसरले. “ही आपल्या लोकांची खोडच आहे! वस्तू आणायची आणि झाकून ठेवायची. माणूस सडला तरी चालेल, वस्तू नवी राहिली पाहिजे. टीव्हीच्या रिमोटला पिशवी, कुशन कपाटात, सोफ्याला प्लास्टिक, गादीलाही प्लास्टिक. कोणासाठी जपतेस गं?”

“राहू दे ते तठे,” माय एवढंच म्हणाली.

“राहू दे? डॉक्टरांनी काय सांगितलं ते ऐकलंस ना?”

“तुले काही समजत नही. राहू दे म्हनस ना मी.”

मी कात्री आणायला निघाले तेव्हा आबा बोलले. आवाज सभेतला नव्हता.

“तिला नको बोलू. ते माझ्यामुळे आहे.”

मग त्यांनी सांगितलं. लघवीची नळी काढल्यापासून त्यांना कळायचं नाही. कधी थोडी, कधी जास्त, सुटून जायची. पहिल्या दिवशी नव्या गादीवर सुटली तेव्हा मायने पुसून घेतलं आणि त्यांना म्हणाली, काही झालं नाही, प्लास्टिक आहे. तेव्हापासून ते प्लास्टिक दोघांचं होतं. माझ्यासमोर, सिस्टरसमोर, तपासणीला घरी येऊन गेलेल्या डॉक्टरांसमोरही ते ‘घाम’ होतं.

ज्या माणसाने कलेक्टर कचेरीसमोर माईक नसताना भाषणं केली, ज्याने आपलं नाव घातल्याशिवाय एकही ओळ छापू दिली नाही, त्याला हे एक वाक्य सिस्टरला सांगता आलं नव्हतं. मला राग आला, आणि तो नेमका कोणावर, हे ठरवता येईना. आबांवर नाही. मायवर तर नाहीच, ती दिवसातून किती वेळा साडी बदलून, धुऊन, वाळवून परत घालत होती हे मला तेव्हा उमगलं. दोरीवर नेहमी एक सुती साडी असायची आणि ती कधी नेसलेली मी पाहिली नव्हती.

“उद्या सिस्टर येईल,” मी म्हणाले. “मी सांगते.”

“नको,” आबा म्हणाले. “माझं मी सांगेन.”

दुसऱ्या दिवशी सिस्टर आली, हातमोजे घातले आणि आबांनी तिला, पत्रक वाचावं तसं, एकेक शब्द स्वच्छ उच्चारत सांगितलं. “मला लघवी कळत नाही. अंथरुणात होते. तो घाम नाही.”

सिस्टरने ड्रेसिंगचं पाकीट फोडता फोडता मान हलवली. “मग हे पहिल्या दिवशी नाही का सांगायचं, आबा? मी मलम बदलते आहे आणि तुम्ही खालून भिजवताय. मणक्याच्या निम्म्या पेशंटना असतं हे. कळत नसेल तर ठरलेल्या वेळेला भांडं लावायचं, कळायची वाट बघायची नाही. आणि डॉक्टरांना आजच कळवा, त्यावर उपचार आहेत.” एवढं बोलून ती जखमेकडे वळली. महिनाभर दोन माणसांनी जे जपलं होतं ते तिच्यासाठी पाकीट फोडण्याइतकं साधं होतं.

प्लास्टिक मायनेच कापलं. मला हात लावू दिला नाही. आबांना चटईवर घेऊन तिने चारही बाजूंनी कात्री फिरवली आणि ते ओढून काढलं. गादी पहिल्यांदाच उघडी पडली. मी हात लावला. कोमट होती. गार नव्हती, आणि हे मी आजही म्हणते, आमच्या मे महिन्यात कुठलीच गादी खोलीपेक्षा गार राहू शकत नाही आणि विकणाऱ्याने ते सांगायला हवं. पण ती तापलेली नव्हती, आणि वाजत नव्हती. माकडहाडाखाली धुता येईल अशी शोषून घेणारी कापडाची चौकोनी घडी ठेवली, तेवढीच. काढलेल्या प्लास्टिकची मायने घडी घातली आणि पावसाळ्यात कूलर झाकायला ठेवून दिली.

जखम एकदम भरली नाही. आधी कडा कोरड्या पडल्या, मग आत लाल मांस दिसायला लागलं. सिस्टर म्हणाली, हे चांगलं लक्षण. पाऊस लागून बरेच दिवस झाल्यावर डॉक्टरांनी बसवायला परवानगी दिली.

दरम्यान माझ्या पत्रकाचं काय करायचं, हे आबांनी ठरवलं होतं. माझं त्यांनी बाजूला ठेवलं. फाडलं नाही, ‘दुरुस्त करून पुढच्या उन्हाळ्याआधी’ असं म्हणाले. स्वतःचं सांगून मला उतरवून घ्यायला लावलं. मथळा होता, ‘घरात कोणी अंथरुणाला खिळलं असेल तर’. पहिलंच वाक्य: लघवी सुटत असेल तर डॉक्टरांना आणि ड्रेसिंग करणाऱ्यांना सांगा. दुसरं: गादीवरचं प्लास्टिक काढा. खाली आबांचं पूर्ण नाव.

भाऊ तपासायचं मुद्रित, म्हणजे प्रूफ, घेऊन आले तेव्हा त्यांनी पहिल्या वाक्यावर बोट ठेवलं. “आबा, हे असं उघडं? मी ‘मूत्रविसर्जनावरील नियंत्रण’ टाकू का? जरा बरं दिसतं.”

“बरं दिसतं, पण कळतं का कोणाला? मी तर म्हणतो, मुतणं लिही.”

“नाव तुमचं आहे खाली.”

“म्हणूनच.”

माय भाकरी थापता थापता आतून म्हणाली, “मुतनं लिखा नहीतर लघवी लिखा. धोनं मालेच पडस.”

‘लघवी’ राहिलं.

मुद्रित तपासायला आबांनी बसायचा हट्ट धरला. मायने कपाटाचं कुलूप काढून ते चौकोनी कुशन आणलं. मी आणि भाऊंनी त्यांना दोन्ही बाजूंनी धरून पलंगाच्या कडेला बसवलं, पाय जमिनीला टेकवले. कुशन त्यांच्याखाली हळूहळू बसलं. एप्रिलनंतर ते पहिल्यांदा सरळ बसून वाचत होते. घाम येत होता, तरी त्यांनी दोन वेलांट्या आणि एक अनुस्वार दुरुस्त केला. मग चष्मा काढून भाऊंकडे दिला.

“झालं,” ते म्हणाले. “आता खेचा खाली गादीवरच्याला.”

आम्ही त्यांना हळूच आडवं केलं.