झरोक्यातल्या विटा

अब्बांनी आयुष्यभर टांगा हाकला, पण अभिमानानं बोलायचे ते तबेल्याबद्दल. नगरच्या माळीवाड्यातला तो भाड्याचा तबेला त्यांनी मला लहानपणी धड्यासारखा शिकवला होता. फरशी मोरीकडे किंचित उतरती, म्हणून घोडी कोरड्यात उभी राहते. दाराच्या दोन्ही कोपऱ्यांना गोल दगड, म्हणून आत येणारं चाक भिंतीला घासत नाही. आणि छपरालगत तीन झरोके, घोडीच्या कानांपेक्षा वर. उग्र वाफ निघून जाते, पण वारा तिच्या पाठीला लागत नाही.

दुसरी मोठी लढाई संपल्यावरच्या हिवाळ्यात अब्बा गेले. मी तेव्हा शाळेत शिकवत होते. जागेच्या मालकांना तिथं मोटार ठेवायची होती. जागा मागायला चाळिसावा दिवस होईपर्यंत थांबतो, असं ते चारचौघांत म्हणाले. मात्र बाराव्याच दिवशी, आपल्या माडीवर वास येतो या सबबीवर, त्यांनी गवंडी लावून तिन्ही झरोके बुजवले.

दोन दिवसांत घोडी खोकू लागली. डोळ्यांतून सारखं पाणी. टांगा आता चाचा चालवत होते आणि आमचं घर तिच्याच पायांवर उभं होतं. चाचांनी मला गप्प राहायला सांगितलं. दुखवट्याच्या घरानं भांडण काढू नये, चाळीस दिवस सरू देत. अम्मी इद्दतीत होती, नवरा गेल्यावरचे ते चार महिने दहा दिवस ती घराबाहेर येणार नव्हती.

शाळा सुटल्यावर मी वह्या गव्हाणीत ठेवल्या, तिच्या कठड्यावर चढले आणि झरोक्यात पहार घातली. विटा मातीत बसवलेल्या. पहिलीला वेळ लागला, मग बाकीच्या सुटत गेल्या. आवाज ऐकून मालक दारात आले.

"मास्तरीणबाई, बाप जाऊन महिना नाही झाला. लोक काय म्हणतील?"

"म्हणू देत. घोडीला काही म्हणता येत नाही, म्हणून मी चढले."

"भिंत माझी आहे."

"तुमचीच. पण ज्यांनी बांधली त्या माणसांना घोडं कळत होतं."

दोन झरोके मोकळे झाले होते. मालकांच्या मागून आत आलेल्या चाचांनी माझ्या हातातून पहार घेतली. मला वाटलं, आता खाली उतरवणार. ते स्वतः वर चढले आणि त्यांनी तिसऱ्याला हात घातला.

विटा मी परत दिल्या नाहीत. चाळिसाव्याला तबेल्यापुढं जमलेली माणसं त्याच विटांवर बसली. घोडीचा खोकला थांबला होता. मालकही आले होते. ते उभेच राहिले. तबेला आम्ही सोडला नाही.