घुंगरांची चोरी

काशिनाथआप्पा कुठलाही जुना रेकॉर्ड प्लेअर आधी हुंगून बघायचे. विकणारा झाकण उघडून, थाळी पुसून, गाणं लावू का म्हणत उभा असायचा आणि आप्पा नाक खाली घालून मोटरपाशी. जळका वास आला की पुढचं काही बघायचंच नाही. वास आला नाही तर त्यांचा संशय आणखी वाढायचा, कारण मग तो कुणीतरी मुद्दाम घालवलेला असणार.

माझी त्यांची ओळख सुरतच्या शनिवारच्या जुन्या बाजारात झाली. मी केदार, बँकेतला माणूस, नाशिकहून बदलीवर आलो आणि इथेच राहिलो. दिवसभर दुसऱ्यांच्या सह्या ताडून बघायच्या आणि शनिवारी जुन्या रेकॉर्डवर पैसे घालवायचे, हा माझा क्रम. एका चकचकीत पॉलिश केलेल्या प्लेअरवर मी पुरता भुललो होतो. शेजारी उभ्या असलेल्या एका हडकुळ्या म्हाताऱ्याने खड्या आवाजात, सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असं सांगितलं, "साहेब, हाई तीन मशीननं एक मशीन शे." विकणारा चिडला. आप्पांनी शांतपणे थाळी उचलून दाखवली. मोटर एका प्लेअरची, सुईचा दांडा दुसऱ्याचा आणि खोका परवा सुताराने केलेला. त्या दिवसापासून त्यांना विचारल्याशिवाय मी काही घेतलं नाही.

आप्पा पारोळ्याकडचे, बोली अहिराणी. अडतीस वर्षं त्यांनी मागांच्या खात्यात जॉबर म्हणून काढली. खातं म्हणजे मागांची शेड आणि जॉबर म्हणजे बिघडलेला माग चालू करणारा. त्यांचा संशयी स्वभाव तिथलाच. रात्रपाळीचा जॉबर दिवसपाळीच्या मागाचे चांगले भाग काढून आपल्या मागाला लावतो आणि आपले झिजलेले तिथे बसवतो, हे तिथे सगळ्यांना माहीत. म्हणून आप्पा प्रत्येक भागाला कुणाला दिसणार नाही अशा जागी रंगाचा ठिपका द्यायचे. निवृत्त झाले तरी ही खोड गेली नाही. डिंडोलीतल्या त्यांच्या घरात मिक्सरच्या भांड्यालाही खालून ठिपका आहे.

खात्यातली दुसरी सवय म्हणजे ओठ वाचायची. दोनशे मागांच्या खडखडाटात माणसाचा आवाज पोचत नाही. तिथे सगळे समोरच्याच्या ओठांकडे बघून बोलणं समजून घेतात आणि बाहेर आले की ओरडून बोलतात. आप्पांकडे गेलं की ते माझ्या तोंडाकडे टक लावून बघायचे. आपण काहीतरी लपवतोय असं उगाच वाटायचं.

त्यांचा स्वतःचा प्लेअर खात्याच्या मालकाने, सेठने, ऑफिस आवरताना दिलेला. आप्पांनी तो माग खोलावा तसा फरशीवर खोलला, एकेक भाग पुसला, ठिपके दिले आणि परत जोडला. रबरी चाक फार दिवस एकाच जागी दाबून राहिलं की त्याला खळी पडते आणि गाण्यात ठक ठक येतं, हे त्यांना कुणी शिकवलं नाही. दांड्याच्या बुडाशी केसाएवढा खुळखुळा असला तरी बोटाला कळायचा. सुई बघायला त्यांच्याकडे कापडाचे धागे मोजायचं घडीचं भिंग होतं. आणि सगळ्यात शेवटी, हे सगळं जमलं तर, ते पिशवीतून आपली एकच रेकॉर्ड काढायचे. एका तमाशाच्या फडाची लावणी. सुरुवातीला नुसते घुंगरू वाजतात, मग ढोलकी येते. घुंगरू दाणा दाणा वेगळा ऐकू आला तर मशीन चांगलं. नुसती खसखस झाली तर ठेव परत.

हा प्लेअर उघडायचा हक्क आप्पांनी सबंध सुरतेत एकाच माणसाला दिला होता. कतारगामचे दीपकभाई. पूर्वी ते हिरे घासायच्या चाकांच्या मोटरी दुरुस्त करायचे, पुढे जुन्या प्लेअरकडे वळले. दोघांचा वीस वर्षांचा घरोबा. या होळीनंतर आप्पांनी रबरी चाक बदलायला प्लेअर त्यांच्याकडे दिला. आठ दिवसांनी तो परत आला आणि त्याच संध्याकाळी आप्पांचा मला फोन. लगेच या म्हणाले.

मी गेलो तेव्हा आप्पा भिंग लावून प्लेअरवर वाकले होते. घुंगरू गेलेत, असं त्यांनी सांगितलं. ढोलकी होती, गाणारी बाई होती, घुंगरू नव्हते. दीपकने सुई बदलली, चांगली काढून घेऊन नकली बसवली, असं त्यांचं म्हणणं. मी विचारलं, ठिपके बघितले का? बघितले होते. सुईवरच्या ठिपक्यासकट सगळे ठिपके जागच्या जागी होते. दुसरा कुणी असता तर तिथेच गप्प बसला असता. आप्पा म्हणाले, वीस वर्षं मशीन उघडतोय, मग तसेच ठिपकेही त्यानेच दिले असणार.

मग त्यांनी लावणी लावली आणि माझ्या तोंडाकडे बघत विचारलं, तुम्हाला ऐकू येतात का? मला घुंगरू ऐकू येत होते. अगदी दाणा दाणा. पण आप्पांना येत नाहीत म्हटल्यावर मला माझ्याच कानांचा संशय आला. त्यांच्यापुढे मी काल शिकलेला. ऐकू यायला नकोत असं असेल आणि मी हो म्हटलं, तर कच्चा ठरेन. मी म्हटलं, "कमी झालेत खरे." आप्पांनी मान हलवली. त्यांना एवढंच हवं होतं.

पुढच्या शनिवारी त्यांनी बाजारात सगळ्यांना सांगितलं, त्या खात्यातल्या आवाजात. दीपक भाग बदलतो. बँकेतल्या साहेबांनीसुद्धा ऐकलंय. बाजारात आप्पांचा शब्द म्हणजे शिक्का. दोन महिन्यांत लोकांनी दीपकभाईंकडून आपापली मशीनं उचलली. दुकानाचं अर्धं शटर दुपारीही खालीच दिसायला लागलं. मीही दुरुस्तीला दिलेला माझा प्लेअर आणायला गेलो. दीपकभाईंनी तो पुसला, सुईला कापूस लावला, दांडा दोऱ्याने बांधला आणि माझ्या हातात दिला. एक शब्द बोलले नाहीत. चोर असाच गप्प बसतो, असं मी मनात म्हटलं. आज त्याची लाज वाटते.

याच दिवसांत एकदा आप्पांच्या बायकोने, मंगलाबाईंनी, मला दारात थांबवलं. आप्पांच्या मनात काहीतरी चाललंय, असा त्यांचा वहीम होता. ओट्यापाशी उभं राहून तीन तीन हाका मारल्या तरी ओ देत नाहीत. कुकरच्या शिट्ट्या मोजायचं काम वर्षानुवर्षं आप्पांचं, बाहेर बसून ते मोजायचे आणि तीन झाल्या की ओरडायचे. आता रोज भात करपतो. आप्पांनी गावी जाऊन राहायचा विषय काढला होता, बाईंनी नाही म्हटलं होतं. त्याचा हा राग, असं त्यांनी ठरवून टाकलं होतं. "मुद्दाम करतस. मी वळखस त्यासले," त्या म्हणाल्या. मी हसून निघून आलो. सह्या ताडणारा माणूस मी, पण एवढं समोर ठेवलेलं मला दिसलं नाही.

जूनमधल्या एका रविवारी सकाळी दीपकभाई स्वतःच डिंडोलीला आले. मी तिथेच होतो. आप्पांनी त्यांना या म्हटलं नाही, बसाही म्हटलं नाही. दीपकभाईंनी खिशातून एक नवी सुई काढली, पाकीट न फोडलेली. ही आप्पांनी स्वतःच्या हाताने लावावी, असं ते म्हणाले. आप्पांनी पाकीट उलटंसुलटं केलं, भिंगाखाली धरलं, सुई लावली आणि लावणी सुरू केली. घुंगरू खणखणीत वाजायला लागले.

"नही," आप्पा म्हणाले. "हाई बी नकली शे."

दीपकभाई प्लेअरवर वाकले. त्यांचं तोंड आप्पांना दिसत नव्हतं. तसेच वाकून, नेहमीच्या आवाजात ते म्हणाले, "आप्पा, सुई तो असली ज छे. कान गया छे तमारा."

मला ते स्वच्छ ऐकू आलं. स्वयंपाकघराच्या दारात उभ्या मंगलाबाईंनाही आलं. दीड हातावर बसलेले आप्पा मात्र दीपकभाईंच्या बोटांवर नजर ठेवून होते, तो आणखी काही काढून घेतो की काय म्हणून.

मंगलाबाईंनी हातातली परात खाली ठेवली. त्या येऊन आप्पांच्या पाठीमागे उभ्या राहिल्या. या बाईंनी त्रेचाळीस वर्षांत नवऱ्याचं नाव घेतलेलं नाही. लग्नात उखाण्यात घेतलं असेल तेवढंच. रेशनकार्डाच्या खिडकीवर नवऱ्याचं नाव विचारलं तेव्हा मागच्या बाईला सांगायला लावलं होतं.

"काशिनाथ," त्या म्हणाल्या.

मी दचकलो. दीपकभाईंनी मान वर केली. बाईंनी पुन्हा नाव घेतलं, या वेळी मोठ्याने. आप्पा वळले नाहीत. घुंगरू संपून ढोलकी सुरू झाली आणि प्लेअरच्या खोक्यावर हात ठेवून ते ढोलकीवर मान हलवायला लागले.

बाई पुढे आल्या, त्यांच्यासमोर बसल्या. लग्नानंतर काही वर्षं त्यांनीही खात्यात धाग्याच्या बॉबिन भरल्या होत्या, ओठांची भाषा त्यांना येत होती. आवाज न काढता, शेजाऱ्यांना कळू नये म्हणून असेल, त्या नुसत्या ओठांनी बोलल्या, तुम्हाला ऐकू येत नाही. आप्पांनी त्यांच्याकडे बघितलं, मग दीपकभाईंकडे, मग माझ्याकडे. त्या दोघांनी मिळून काही रचलंय का, हे ते माझ्या चेहऱ्यावर शोधत होते. मग त्यांनी दांडा उचलून रेकॉर्ड थांबवली आणि डोळे घट्ट मिटून घेतले.

"आते बोला," ते म्हणाले.

मंगलाबाईंनी भाकरी खाऊन घ्या म्हटलं. दीपकभाई काहीतरी म्हणाले. मीही आप्पा म्हणून हाक मारली. आप्पा मिटल्या डोळ्यांनी वाट बघत राहिले. मग डोळे उघडून थोडे चिडून म्हणाले, "बोला म्हनं ना." आमचं बोलून झालं होतं. ते आमच्या चेहऱ्यांवर त्यांनी वाचलं आणि भिंग घडी करून खिशात ठेवलं. मला रडू येत होतं.

खाली सोडायला गेलो तेव्हा दीपकभाईंनी सांगितलं की त्यांना दिवाळीपासून माहीत होतं. मशीनमध्ये डोकं घालून बोललं की आप्पा उत्तर देत नसत. मग आधीच का सांगितलं नाही, मी विचारलं. बाजारात आप्पांकडे त्यांच्या कानांशिवाय दुसरं काय आहे, असं ते म्हणाले आणि स्कूटरला किक मारली.

पुढच्या शनिवारी आप्पा बाजाराच्या मधोमध उभे राहिले आणि कुणी न विचारता सांगितलं, "दीपकभाईनी काहीच बदलं नही. मना कान गयात." दोघेतिघे हसले. एकाने विचारलं, मग आता मशीन कोण बघणार? आप्पांनी उत्तर दिलं नाही. कदाचित त्याचे ओठ त्यांना दिसले नसतील.

तिथूनच आम्ही दोघं रिक्षाने कतारगामला निघालो, दोन्ही प्लेअर मांडीवर घेऊन. त्यांचा आणि माझाही, परत दीपकभाईंच्या दुकानात ठेवायला. वाटेत आप्पा अंग वळवून माझ्याकडे तोंड करून बसले, माझे ओठ दिसतील असे.

"केदारसाहेब, त्या दिनले तुमले घुंगरू ऐकू येत व्हतात ना?"

मी हो म्हटलं.

"दीपकवर शक कया, बायकोवर शक कया," ते म्हणाले. "एक तुमनावर नही कया."

मी माफी मागितली. पण तेव्हा माझं तोंड रस्त्याकडे होतं.