निळ्या रेडियमचा चौदा

"आधी पूजा होऊ दे. मग हात लाव."

पारनेरच्या एका शोरूमच्या दारात नवी जीप उभी होती आणि हे वाक्य माझ्या बापाला उद्देशून होतं. आबा रेडियमचं काम करायचे. स्टँडजवळ एक टेबल, वर फाटकी छत्री, हातात ब्लेड. गाड्यांवर नावं, नंबर, वाघ, तलवारी, काय म्हणाल ते कापून चिकटवायचं. त्या दिवशी काचेवर शोरूमच्या शेठचं आडनाव लावायचं होतं, जीप त्यांचीच. आबा उन्हात थांबले. मी तेव्हा शाळेत जायचे, सुट्टी होती म्हणून सोबत गेलेली. नारळ फुटला. चाकांखाली लिंबं ठेवली. पेढ्याचा बॉक्स फिरत फिरत आमच्यापर्यंत आला आणि तिथूनच मागं वळला.

"हं, लाव आता. पण गाडीला टेकायचं न्हाई."

रेडियम सरळ बसायचा तर तळहात काचेवर दाबावाच लागतो. आबांनी तो दाबला नाही. अधांतरी हातानं, श्वास रोखून, बोटांच्या टोकांनी त्यांनी ते आडनाव लावलं. एक बुडबुडा राहिला नाही. आणि मला वाटलं, माझा बाप किती हुशार. राग यायला पुढं बरीच वर्षं लागली.

घरात काय होतं, काय नव्हतं, ते सांगायचा मला कंटाळा येतो. आई लोकांच्या वावरात कांदे काढायला जायची. मी बीकॉम झाले. आमच्या घरातली पहिली. सुप्याच्या एका कंपनीत बिलं तपासायच्या कामाला लागले आणि रविवारी गावाबाहेरच्या मुरमाच्या खाणीत आबांची जुनी मोटारसायकल पळवायला लागले. उड्या, वळणं, पडणं. कॉलर बोन एकदा मोडलं. तरी सुटलं नाही.

पहिल्या मातीच्या शर्यतीला नाव द्यायला गेले तेव्हा टेबलावरच्या माणसानं विचारलं, "नंबर कोणता पाहिजे?"

"चौदा," मी म्हणाले. विचार करावा लागलाच नाही. चौदा एप्रिल आमच्या घरात दिवाळीपेक्षा मोठा. आज्यानं दीक्षा घेतली तीही चौदा तारखेलाच.

आबांनी निळा रेडियम काढला. जन्मभर दुसऱ्यांची आडनावं कापली त्यांनी. आमच्यासाठी कापलेला हा पहिलाच आकडा. लावताना त्यांनी पूर्ण तळहात गाडीवर दाबून धरला. बराच वेळ. काढेचनात.

पण या खेळात नुसतं पळवता येऊन भागत नाही. शर्यतीची गाडी वेगळी असते, टायर वेगळे, बूट वेगळे. स्पॉन्सर लागतोच. म्हणून मी दारं झिजवायला लागले. एक दूधवाले म्हणाले, क्रिकेट असतं तर बघितलं असतं. टायरवाले म्हणाले, पुढच्या महिन्यात या. पुढच्या महिन्यात म्हणाले, तुम्ही परत आलात? एका बिल्डरनं विचारलं, लग्न झालं का? सोफ्यावर बसायचं, एसीत गार व्हायचं, मोबाईलवर स्वतःच्या शर्यतीचा व्हिडिओ दाखवायचा. समोरचा मधेच फोन घेणार. आपण व्हिडिओ थांबवून तसंच बसायचं, हवेत उडालेल्या गाडीवर. मातीत पडून जेवढी दमले नाही तेवढी त्या सोफ्यांवर दमले.

शेवटी पारनेरचा तोच जीपचा शोरूमवाला तयार झाला. शेठ खूश होते.

"पोरगी गाडी उडवती. फ्लेक्सवर लई भारी दिसंल!"

शर्यतीची नवी गाडी आणि अख्ख्या हंगामाचा खर्च. मी घरी येऊन आईला सांगितलं तेव्हा ती नुसती माझ्या डोक्यावरून हात फिरवत राहिली.

कार्यक्रम शोरूमच्या अंगणात ठेवला. मांडव, फेटे, फोटोवाले. गाडी चादरीखाली. नंबर लावायला आबांनाच बोलावलेलं. सकाळीच त्यांनी निळा चौदा लावून ठेवला होता. शेठनी चादर ओढली. टाळ्या पडल्या. शेठचं तोंड मात्र उतरलं. ते माझ्या कानाशी आले.

"ह्यो नंबर बदल. सात घे, नऊ घे. त्यात निळा! बघितलं की लोकांना लगीच कळतं. आमचं गिऱ्हाईक सगळ्या समाजाचं हाय."

"शेठ, मी पहिल्यापासून याच नंबरावर पळते."

"अगं, तुझं काय जातंय? एक आकडा तर हाय."

मग माझ्या उत्तराची वाटही न बघता ते मांडवाकडं वळून ओरडले, "ए रेडियमवाल्या! ये इकडं. काढ ह्यो नंबर."

आबा माझे वडील आहेत हे त्यांना चांगलं माहीत होतं.

आबा आले. हातात ब्लेड. त्यांनी माझ्याकडं बघितलं. चेहऱ्यावर काहीच नव्हतं. थकवा होता फक्त. मला समजलं, मी मान हलवली तर ते काढतील. माझ्या गाडीसाठी काढतील. अधांतरी हातानं, बुडबुडा न ठेवता.

मी नंबरावर तळहात ठेवला. दाबून.

"एक आकडा तर आहे शेठ. मग तुमचं काय जातंय?"

फोटोवाल्यानं कॅमेरा खाली घेतला. मागून कुणीतरी म्हणालं, "शिकली की अशीच चढत्यात." मी वळून शेठच्या गाडीकडं बोट केलं. काचेवर त्यांचं आडनाव होतं, मुकुटासकट. "ते आबांच्याच हातांनी लावलंय. त्यानं तुमचं गिऱ्हाईक तुटलं नाही?"

शेठ आबांवर खेकसले, "बघत काय बसलास? काढ!"

आबांनी ब्लेड मिटलं आणि खिशात टाकलं.

"धार गेली, शेठ," ते म्हणाले. "आज न्हाई व्हायचं."

आम्ही पायी स्टँडवर आलो. गाडी गेली, हंगामाचा खर्च गेला. घरी आल्यावर मी दार लावून रडले, हेही खरं आहे. सोमवारी कामावर गेले.

जुन्या मोटारसायकलवरच त्या हंगामात उतरले. पुण्याच्या ट्रॅकवर बायकांच्या गटात तिसरी आले. पांढऱ्या जर्सीवर कुणाचंही नाव नव्हतं. भोंग्यावरून निवेदक ओरडत होता, "नंबर चौदा! नंबर चौदा!" आबा जाळीला दोन्ही हातांनी धरून उभे होते.

स्पॉन्सर अजून मिळालेला नाही. मी मागणं सोडलेलं नाही. ती माझी गरज आहे आणि तिची मला लाज वाटत नाही. फक्त आता फोटो, व्हिडिओ घेऊन जात नाही. गाडीच घेऊन जाते. दारासमोर उभी करते, नंबर त्यांच्याकडं करून. मग आत जाते.

ज्याला नको असेल त्यानं सोफ्यावर बसवायच्या आधी सांगावं.