आमच्या रानाचे पन्नास ठिपके

ऑफिसातून मी घरी आले की चप्पल काढायच्या आत अप्पा विचारतात, "चित्र आलं का?"

अप्पा म्हणजे माझे वडील, आणि चित्र म्हणजे उपग्रहाने काढलेलं आमच्या रानाचं चित्र. दर चार-पाच दिवसांनी एक उपग्रह शिरोळ तालुक्यावरून जातो, खालचं सगळं शिवार टिपतो आणि ते चित्र जगात कुणालाही फुकट बघता येतं. मी कोल्हापुरात एका लहानशा संस्थेत ही चित्रं घेऊन नकाशे करते. कुठे पीक उभं आहे, कुठे पाणी साठलंय, कुठली जमीन खराब झालीय, असे नकाशे. हे फुकट मिळतं असं पहिल्यांदा सांगितलं तेव्हा अप्पांचा विश्वास बसला नाही. अर्धं आयुष्य गुळाच्या पेढीवर घालवलेला माणूस. "फुकट कोण देतंय गं? कायतरी खोट आसंल त्यात," म्हणाले.

चित्रात घरं दिसत नाहीत, माणसं दिसत नाहीत, बांध तर नाहीतच. नुसते ठिपके असतात. एक ठिपका म्हणजे जमिनीवरचा दहा मीटर लांब, दहा मीटर रुंद तुकडा. "म्हणजे साधारण एक गुंठा, अप्पा," मी म्हटलं आणि मग त्यांना चैन पडेना. आमचं रान सव्वा एकर. पन्नास गुंठे, पन्नास ठिपके. तेव्हापासून ते नखाने पडद्यावर ठिपके मोजतात आणि माझ्या लॅपटॉपवर त्या एका जागी कायमचे डाग पडले आहेत. पावसाळ्यात चित्रात ढगांशिवाय काही नसतं. मी वैतागते. अप्पा मात्र तो पांढरा पडदा बघूनही खूश असतात. "बघ, आपल्या रानावर पाऊस हाय," असं आईला सांगत सुटतात. आई म्हणते, "हितं गॅलरीत वाळत घातल्यालं भिजाय लागलंय, ते काढा आधी."

खरं तर ते रान आम्ही कसत नाही. मी दहावीत होते तेव्हा सुटलं. कृष्णेकाठची काळी जमीन, पाण्याला तोटा नाही, म्हणून सगळ्यांनी उसाला पाणी पाजत नेलं आणि एक दिवस ते पाणी खालून मीठ घेऊन वर आलं. आधी उसाचे शेंडे पिवळे पडले. मग उन्हाळ्यात सऱ्यांवर मीठ फुटलं, जोंधळ्याचं पीठ सांडल्यासारखं. दोन हंगाम अप्पांनी हट्टाने लागण केली, दोन्ही वेळा कोंब करपले. त्यानंतर तिथे पाणकणीस उगवलं, दलदलीतलं उसासारखं गवत, माणसाच्या डोक्यावर जाईल एवढं, आणि त्याच्या मागून वेडी बाभूळ. अप्पा कोल्हापुरात पेढीवर लागले आणि आम्ही दोन खोल्यांत आलो.

मला त्या रानाची आठवण भलत्याच वेळी येते. बँकेच्या रांगेत, मिक्सर चालू असताना. बहुतेक वेळा भूमी पौर्णिमेचीच येते. त्या दिवशी जमीन गरोदर असते असं आमच्याकडे मानतात, तिचे डोहाळे पुरवायचे असतात. आई पहाटे उठून पाच भाज्या, पुरणाचे कडबू, दहीभात करायची, बुट्टी डोक्यावर घेऊन पुढे, आम्ही मागे. अप्पा रानाच्या चारी कोपऱ्यांना भात शिंपडायचे आणि मग बांधावर मांडी घालून आम्ही जेवायचो. उसाच्या पाचटाचा ओला वास, वांग्याच्या भाजीचं तेल कोपरापर्यंत ओघळलेलं. आई अजून त्या दिवशी सगळा स्वयंपाक करते आणि गॅलरीतल्या कढीपत्त्याच्या कुंडीत एक घास ठेवते. मी एकदा हसले होते. दुसऱ्या वर्षी हसू आलं नाही. मला ते रान हवंय. कुठलं तरी दुसरं नको, फार्महाऊस नको, तेच पन्नास गुंठे हवेत, आणि चाळिशी जवळ आली तरी हे हवंपण कमी होत नाही, याचा मला रागच येतो.

गेल्या वर्षी आमच्याच गावाचं काम संस्थेकडे आलं. ग्रामपंचायतीने ठरवलं होतं की जमिनीखाली भोकं पाडलेले पाईप घालायचे आणि खारं पाणी निचरून ओढ्याला काढून द्यायचं. आसपासच्या काही गावांत असं करून जमिनी पुन्हा पिकायला लागल्या होत्या. पण सगळ्या शिवारात एकदम पाईप घालता येत नाहीत. नकाशावर जिथे क्षारपड, म्हणजे मीठ फुटलेली जमीन दिसेल तो भाग आधी, असं ठरलं. नकाशा आम्ही करायचा होता. गावात पाईप येणार एवढं अप्पांना सांगितलं त्या दिवशी त्यांनी संध्याकाळी दाढी केली. कुठे जायचं नव्हतं, तरी केली.

असा नकाशा संगणक करतो, पण त्याला आधी शिकवावं लागतं. माणसं शिवारात ठिकठिकाणी उभी राहतात, शेतकऱ्याला विचारतात आणि मोबाईलवर नोंद करतात, की इथे ऊस, इथे सोयाबीन, इथे क्षारपड. तेवढ्यावरून उरलेलं शिवार तो स्वतः ओळखायला लागतो. लहान मुलाला दोन-चार कावळे दाखवले की पुढचे त्याचे त्याला कळतात, तसंच. आपल्या गावाच्या नोंदी आपण करायच्या नाहीत असा आमच्या संस्थेचा शिरस्ता आहे, म्हणून माझे दोन सहकारी गेले. अप्पा भावकीतल्या एका बारशाचं निमित्त काढून आदल्या दिवशीच गावात जाऊन बसले होते.

नकाशा तयार झाला आणि मी बघतच राहिले. नदीकडचा अख्खा पट्टा हिरवा. आमचे पन्नासच्या पन्नास ठिपके हिरवे. संगणक म्हणत होता की तिथे ऊस उभा आहे.

अप्पांनी तो बघितला आणि त्यांचा चेहरा उजळला. "आपलं रान हिरवं दावतंय गं," ते आईला म्हणाले. आई हात पुसत आली, वाकून बघितलं, पदराने पडदा पुसला आणि पुन्हा बघितलं. तिथे पाणकणीस आहे हे तिघांनाही माहीत होतं. पण तो दिवस मी जाऊ दिला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच घरात रानाचं नाव निघून कुणी सुस्कारा टाकला नव्हता.

दुसऱ्या दिवशी मात्र माझं डोकं फिरलं. ऑफिसात नोंदी बघितल्या तर नदीकडच्या पट्ट्यात जिथे जिथे माणसांना विचारलं होतं तिथे उत्तर एकच, ऊस. माझे सहकारी शहरात वाढलेले, वाटेवरून उंच हिरवं दिसलं आणि त्यांनी ते तसंच लिहून घेतलं. संगणक बिचारा तेच शिकला होता. पाणकणसाला ऊस म्हणायचं. आणि हिरव्या भागात पाईप येणार नव्हते. मी घरी येऊन पिशवी टाकली आणि ओरडलेच, "गावातल्या माणसांना झालंय काय? पाणकणसात उभं राहून ऊस आहे म्हणून सांगतात! आपल्या रानाबद्दल कुणी सांगितलं हे?"

"म्या सांगितलं," अप्पा म्हणाले.

"तुम्ही?"

"मग काय सांगायचं? परक्या मानसानं मोबाईल धरून इचारलं, रानात काय हाय. सांगायचं, रान मेलंय म्हणून?"

"खरं ते सांगायचं ना अप्पा!"

"खरं सांगून कुणाचं भलं झालंय?" आई मधे पडली. "क्षारपड हाय म्हटलं की पोरगी देत न्हाईत त्या घरात. तुझ्या चुलतभावाची सोयरीक मोडली ती कशापायी? पाव्हण्यांस्नी कुणी रान दाखवलं त्येच्यापायी. तवापास्नं गावात कुणी बोलत न्हाय."

हे मला ठाऊक असायला हवं होतं, मी त्याच गावची. आमच्याकडे माणूस आजारी पडला की गावभर सांगतात, जमीन आजारी पडली की दार लावून घेतात. विचारलं की, "हाय की चांगलं, ऊस हाय." हे खोटं आहे असं सांगणाऱ्यालाही वाटत नाही. जमीन म्हणजे आई, आणि आईबद्दल चारचौघांत वाईट बोलायचं नसतं, तेवढाच त्याचा अर्थ.

"पण अप्पा, हे असंच राहिलं तर पाईप आपल्या रानापर्यंत येत नाहीत," मी म्हटलं. "पुन्हा कधी येतील सांगता येत नाही." त्यांनी चहाचा कप बाजूला सारला. चहा तसाच गार झाला. मग म्हणाले, "परत इचाराय जाणार हाईसा? मग मला घिऊन चल."

आठवड्याभराने आम्ही जयसिंगपूरपर्यंत एसटीने आणि तिथून वडापच्या जीपने गावात गेलो. आईही आली. नोंद करायला माझा सहकारी होता. आम्ही पुन्हा विचारायला येतोय हे कळल्यावर गावातली बरीच माणसं नदीकडच्या पट्ट्यावर जमली होती, सगळी आमची भावकी आणि शेजारी, आणि सगळी जमिनीकडे बघत उभी. मी इतक्या जवळून ते रान कितीतरी वर्षांनी बघत होते. बांध कुठे होता तेही कळत नव्हतं. आई म्हणाली, "हितं जेवायला बसायचो," आणि बोट दाखवलं ती जागा बाभळीत गेली होती.

अप्पांनी पाणकणीस दोन्ही हातांनी बाजूला केलं, चपला काढल्या आणि चिखलात उतरले. सहकारी मोबाईल घेऊन काठाला थांबला. "काका, इथे काय आहे?"

अप्पांनी वाकून मूठभर चिखल उचलला. मला वाटलं आपणच सांगून टाकावं, पण ते माझं काम नव्हतं. सगळे त्यांच्याकडे बघत होते.

"लिवा पावणं," शेवटी ते म्हणाले. "ऊस न्हाय. मीठ हाय नुसतं. गेलंय रान."

त्यांचा आवाज एरवी तीन घरांपलीकडे जातो. त्या दिवशी शेजारच्यालाही नीट आला नसेल. मग एक म्हातारे पुढे झाले आणि म्हणाले, "माजं बी तसंच लिवा." त्यांच्यामागून दुसरे. मग सगळेच आपापल्या रानात उतरले, मयताला आल्यासारखे, आणि एकेक करून सांगत गेले. मला रडू आवरलं नाही. आईने मला कोपराने ढोसलं, "गप, मानसं बघत्यात."

नवा नकाशा चोख झाला. नदीकडचा पट्टा लालभडक, जसा आहे तसा. पहिल्या टप्प्याच्या पाईपांत आमचं रान आलं. मीठ धुऊन जायला काही वर्षं लागतात, पण जातं, हे मी अप्पांना सांगितलं. त्यांनी नखाने ठिपके मोजले. एकही हिरवा नव्हता. "बराबर हाय," म्हणाले आणि उठून गॅलरीत गेले.

थोड्या वेळाने परत आले. माझ्याकडे न बघता विचारलं, "आधीचा हाय का गं अजून?"

"तो चुकीचा आहे, अप्पा."

"मला ठावं हाय. बराबर हाय त्यो गावाला दे. चुकल्याला मला दे, मोठा छापून."

मी आईकडे बघितलं. ती भाजी निवडत होती. मान वर न करता म्हणाली, "आण की. त्येनं काय बिघडतंय?"

दुसऱ्या दिवशी महाद्वार रोडजवळच्या एका झेरॉक्सच्या दुकानात गेले. मशीनमधून कागद हळूहळू बाहेर आला, अख्खा हिरवा. दुकानदाराने तो दोन्ही हातांनी धरून उजेडात बघितला.

"ताई, कुणाचं शिवार हे? लई हिरवंगार हाय की!"

"आमचं," मी म्हणाले. "ऊस हाय."